फिलमोर कुणाचं?

रद्दीच्या दुकानात एका फाटक्या पुस्तकात ती पोस्टरं मला पहिल्यांदा दिसली. अक्षरं मेणासारखी वितळलेली, लालाशेजारी हिरवा असा भडक की डोळे चुरचुरावेत. वाचताच येईनात. याला सायकेडेलिक म्हणतात. शब्द १९५० नंतरच्या दशकात हम्फ्री ऑस्मंड या डॉक्टरानं ग्रीकमधून घडवला, मन उघडं करणारं अशा अर्थानं. एलएसडीच्या नशेत दिसतं ते कागदावर आणि गिटारीत उतरवायचं, असा हा प्रकार. वेस विल्सननं १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशी पोस्टरं काढली ती फिलमोर ऑडिटोरियमसाठी.

आता मित्रांनो, हे फिलमोर होतं कुठं? काळ्यांच्या वस्तीत. महायुद्धात सरकारनं तिथल्या जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं, आणि मागं गोदीत कामाला आलेले काळे मजूर येऊन राहिले. हॉल होता चार्ल्स सुलिव्हन या काळ्या माणसाच्या ताब्यात. जेम्स ब्राऊनला तिथं त्यानं आणलं. डिसेंबर १९६५ ला बिल ग्रॅहम या गोऱ्या आयोजकाला त्यानं आपल्या परवान्यावर हॉल वापरू दिला. ऑगस्ट १९६६ मध्ये सुलिव्हन गोळी लागून मेलेला सापडला. पोस्टरांवर नाव ग्रॅहमचं. बाहेर 'पुनर्विकासा'च्या नावाखाली वस्ती पाडणं चालू होतं. हा शब्द आपल्यालाही काही नवा नाही!

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियानं एलएसडीवर बंदी आणली. त्याच महिन्यात खाडीपलीकडं ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. आपल्या पोरांनी १९७२ ला मुंबईत नाव उचललं ते तिथूनच. त्यांच्या पेपरात एमरी डग्लसची चित्रं यायची, जाड काळ्या रेघांची. ती कुणालाही कळायची.

म्हणून सायकेडेलिया म्हणजे पोट भरलेल्यांचं फॅड, असं मी कैक वर्षं ठणकावून सांगत होतो. माझं चुकत होतं. मी जिमी हेंड्रिक्स ऐकलाच नव्हता.

ग्रॅहमनं १९६८ ला न्यूयॉर्कात थिएटर काढलं. नाव फिलमोर ईस्ट, म्हणजे वस्तीचं नाव तेवढं बरोबर नेलं. १ जानेवारी १९७० ला हेंड्रिक्स, बिली कॉक्स आणि बडी माइल्स या तिघा काळ्यांनी तिथं 'मशीन गन' वाजवलं. हेंड्रिक्स स्वतः सैन्यात राहून आलेला. शिकागो, मिलवॉकी आणि न्यूयॉर्कात लढणाऱ्या सैनिकांना त्यानं ते अर्पण केलं, व्हिएतनामचं नाव नंतर घेतलं. मग ड्रमवर गोळ्या सुटायला लागतात, आणि गिटार बाईमाणसासारखी किंचाळते.