वहींतील नांव आणि कायदा

पंचवटींतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचीं कुळें व गांवें लिहिलेलीं असतात. माझ्या आजोबांनीं तेथें स्वहस्तें सही केली होती. आपलें नांव कोणापाशीं व कशासाठीं राहणार, हें त्यांस ठाऊक होतें. आज दुकानदार मोबाइल नंबर मागतो आणि आम्ही मुकाट्यानें सांगतों!

इंग्रजी अमदानींत कायद्याची चिंता निराळी होती. १८९८ च्या टपाल कायद्यानें सार्वजनिक आणीबाणींत पत्रें अडविण्याची मुभा सरकारला दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या कायद्यानें माहितीचा हेतु सांगून संमति घेणें आवश्यक केलें. कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारी खात्यांस सूट देण्याची वाट मात्र त्यांत मोकळीच ठेवली आहे. नियम निघण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य बंधनांस त्यापुढें अठरा महिन्यांची मुदत!