तळटीप : जठराची उष्णता

७. सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात ‘उष्णता झाली’ म्हणून लोक सब्जा, गुलकंद घेतात. ती तक्रार आयुर्वेदातील अम्लपित्ताच्या जवळची आहे. चिनी वैद्य मात्र ‘जठराची उष्णता’ ओळखताना जळजळ, गार पाण्याची तहान, सततची भूक, सुजलेल्या हिरड्या, मुखदुर्गंधी यांबरोबर लाल जीभ, तिच्यावरचा पिवळा थर आणि जलद नाडी पाहतो. उपचारात चिनी वैद्य ली तुंगयुआन (११८०–१२५१) यांचा ‘छिंग वेई सान’ हा योग प्रसिद्ध. त्यातली कडू वनस्पती ‘हुआंग लियेन’ उष्णता खाली उतरवते, तर ‘शंग मा’ ही दुसरी वनस्पती तिला वरून बाहेर वाट देते. ही जोडी फार विचारपूर्वक साधलेली आहे. पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमधल्या बिंदूवर सुईही टोचतात. काळे शौच वा रक्ताची उलटी झाल्यास वाचकांनी थेट डॉक्टरांकडे जावे.