न्हाणीघरातली हवा

मंडळी, आपला तांब्याचा बंब परसात पेटायचा. धूर मोकळ्या हवेत जायचा. न्हाणीघरातला ‘गिझर’ मात्र लंडनचा. बेंजामिन मॉन याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले, आणि आइसलँडमधल्या उकळत्या झऱ्यावरून त्याला हे नाव दिले. पण जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडेच त्याला नव्हते! बंद खोलीत गॅस जळत राहिला की प्राणवायू घटतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस गुंगीत पडतो तो उठतच नाही.

१८८२च्या सुमारास अमेरिकेत स्कायलर व्हीलर यांनी विजेचा पंखा केला. पुढे असाच पंखा भिंतीत बसून कोंदट हवा बाहेर फेकू लागला. आता तुम्ही म्हणाल, पंखा बसवला, काळजी मिटली! तसं नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडा, तेल अडखळतं. दुसरं पाडा, धार लागते. हवेचंही तसंच. आत यायला वाट नसेल तर पंखा नुसताच फिरतो. गिझरला धुराडे असले तरी त्यातला वायू उलटा आत ओढतो.

तेव्हा पंखा वर बसवा, त्याचं तोंड थेट बाहेर काढा, दाराखाली झरोका ठेवा. गॅसचा गिझर मात्र न्हाणीघराबाहेरच बरा. गुरुजी, डब्याचा हा प्रयोग मुलांना अवश्य दाखवा.