जुनी मोटार : भंगार की वारसा? (थ्रेड 🧵)

१/ नागपूरच्या रस्त्यांवर विंटेज मोटारींची रॅली निघाली की दुतर्फा गर्दी जमते. वर्षअखेरीस अशा मोटारमालकांचे क्लब मागे वळून पाहतात, तेव्हा किती रॅली झाल्या, किती बंद गाड्या पुन्हा चालू झाल्या, याचा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबाआड इतिहासाचा एक प्रश्न दडलेला असतो : कोणती गाडी वारसा ठरते आणि कोणती भंगार?

२/ प्रथम युरोप. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटनमध्ये मोटारींवरील जाचक निर्बंध सैल झाले, तेव्हा १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडन ते ब्रायटन अशी मोटारफेरी निघाली. १९२७ मध्ये तिची स्मृती म्हणून जुन्या गाड्यांची फेरी काढण्यात आली आणि १९३० मध्ये ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन झाला. अवघ्या तीस-पस्तीस वर्षांत मोटार स्मरणाचा विषय झाली होती.

३/ मुंबईत १९१९ साली ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापन झाली. त्या काळी मोटारमालकांची मुख्य विवंचना गाडी जतन करण्याची नव्हती. ती चालवायला धड रस्ता मिळण्याची होती. १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर जादा कर बसला आणि त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

४/ या कथेत नागपूर येते ते डिसेंबर १९४३ मध्ये. प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांची परिषद येथे भरली आणि वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ आकाराला आली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण रस्ते ही वर्गवारी तिचीच देणगी. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे १६ किलोमीटर रस्ता, हे तिचे उद्दिष्ट होते.

५/ रस्त्यांवरच्या गाड्या कोठून येत? १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जोडणी कारखाना काढला. सुटे भाग बोटीने येत, मोटार येथे उभी राही. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून वाहने बाहेर पडू लागली.

६/ मग १९५३ चा निर्णय आला. येथे प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी जोडणीचा व्यवसाय आवरावा, असे टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ठरले. जनरल मोटर्स व फोर्ड येथून गेल्या. परदेशी मोटार दुर्मीळ झाली, म्हणूनच असलेली मोटार मोलाची ठरली. बाजारात न मिळणारा भाग मिस्त्रीने लेथवर घडवायचा, हा आपल्याकडचा रिवाज त्या टंचाईत मुरला.

७/ या टंचाईच्या काळातच, १९६४ मध्ये, ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राची विंटेज मोटार रॅली दिल्लीत सुरू झाली. एकीकडे नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, दुसरीकडे संस्थानिकांच्या जुन्या मोटारींचे कौतुक.

८/ त्याच वर्षी कुर्ल्यात ‘फियाट ११०० डी’ तयार होऊ लागली. १९७४ च्या सुमारास तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या दारात ती उभी राहिली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची झाली.

९/ जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचा नियम मात्र थेट जुलै २०२१ मध्ये आला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची, चासी, बॉडी व इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे ‘विंटेज’. क्रमांकपट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला मनाई.

१०/ येथेच खरी अडचण आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि खर्च. पंधरा ते पन्नास ही पस्तीस वर्षे गाडी ना नवी, ना वारसा, केवळ ‘जुनी’. बहुतेक गाड्या याच काळात भंगारात जातात. राजेरजवाड्यांची मोटार शेडमध्ये तग धरते. मध्यमवर्गीयाची फियाट वाड्यातली जागा अडवते म्हणून विकली जाते.

११/ टॅक्सीच्या नशिबी तर तेवढाही अवधी नव्हता. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. असंख्य सामान्यांच्या आठवणीतली ही गाडी टॅक्सी म्हणून ‘विंटेज’च्या व्याख्येत कधीच बसली नसती.

१२/ ‘मूळ रूप’ ही अटही विचारात पाडणारी आहे. ज्या गाड्या इंजिन बदलून, पत्रा ठोकून, मिस्त्रीच्या कसबावर तगल्या, त्यांचा इतिहास त्या दुरुस्त्यांतच आहे. तो पुसला तर गाडी चकाकेल, पण टंचाईच्या काळाचा पुरावा जाईल.

१३/ म्हणून क्लबांच्या वार्षिक हिशेबात रॅलीइतकेच मोल जुन्या आरसी बुकांना, गॅरेजच्या बिलांना आणि वृद्ध मिस्त्रींच्या आठवणींना असायला हवे. पद्मिनी हे नाव धारण केलेल्या पहिल्या गाड्या आता कोठे पन्नाशी गाठत आहेत. त्यांतली एखादी एखाद्या नागपुरी वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असेल, तर तिला भंगारवाल्याकडे धाडण्यापूर्वी तिचे आरसी बुक उघडून नोंदणीची तारीख जरूर पाहावी.

#इतिहास #नागपूर #मोटारींचा_वारसा