नेमणुकीकडून निवडणुकीकडे : अधिसभेतील शिक्षकांची वाटचाल

मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याच्या अधिसभेत निवडून आलेला एकही सभासद नव्हता. गव्हर्नर हे कुलपती आणि सभासद म्हणजे सरकारने नेमलेले ‘फेलो’. न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि धर्मगुरू यांच्या जोडीला जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड असे मोजके एतद्देशीय. विद्यापीठ तेव्हा फक्त परीक्षा घेई, शिकवणे कॉलेजांकडे होते. त्यामुळे शिकवणाऱ्याला कारभारात हक्काची जागा द्यावी, असे कुणाला वाटले नाही. प्राध्यापक आत आले ते स्वतःच्या कर्तृत्वावर. संस्कृतचे प्राध्यापक रा. गो. भांडारकर 1893 मध्ये कुलगुरू झाले, पण तीही नेमणूकच होती.

लॉर्ड कर्झन यांच्या काळातील 1904 च्या कायद्याने फेलोंची संख्या जास्तीत जास्त 100 वर आणली आणि त्यांची मुदत पाच वर्षे केली. त्यांपैकी दहा जण नोंदणीकृत पदवीधरांनी आणि दहा विद्याशाखांनी निवडायचे होते. उरलेले सगळे कुलपती नेमणार. सरकारची पकड यामुळे घट्ट होईल, म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी विधेयकाला कडाडून विरोध केला. आकडे पाहता त्यांचे म्हणणे रास्तच होते. तरी निवडणुकीला कायद्यात जागा मिळाली होती, आणि ती पुढे कुणाला काढून टाकता आली नाही. 1928 च्या कायद्याने निवडून येणाऱ्यांचे बळ वाढवले आणि अभ्यासक्रमाच्या प्रश्नांसाठी विद्यापरिषद आणली.

खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. कॉलेजे वाढली, प्राध्यापकांच्या संघटना उभ्या राहिल्या. मुंबईत बुक्टू, विदर्भात नुटा आणि राज्य पातळीवर एमफुक्टो. नुटाचे बी. टी. देशमुख तर पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेतही पोचले. संघटनांनी अधिसभेच्या निवडणुका गांभीर्याने लढवल्या, आणि निवडून आलेल्या शिक्षकाच्या पाठीशी त्याचे मतदार पुढची पाच वर्षेही राहू लागले. वेतन, बढती, कंत्राटी नेमणुका हे स्टाफरूममधले विषय त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेवर आले.

1994 मध्ये राज्यातील विद्यापीठांसाठी एकच कायदा झाला. त्याची जागा 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने घेतली आणि तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला. संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांना त्यात अधिसभेवर दहा जागा आहेत. मतदान पसंतीक्रमाने होते. बैठक वर्षातून किमान दोनदा, आणि त्यातली मार्चची अर्थसंकल्पाची.

प्राचार्य, संस्थाचालक, पदवीधर, अधिकारी आणि कुलपतीनियुक्त सदस्यांच्या सभेत दहा मतांनी ठराव जिंकता येत नाही. म्हणून या प्रतिनिधीचे मुख्य हत्यार मत नसून प्रश्न आहे. प्रश्न मुदतीत आणि लेखी द्यावा लागतो. मोघम विचारला तर उत्तरही मोघम मिळते. अर्थसंकल्पाच्या जाड पुस्तकात गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचणारा सदस्य प्रशासनाला खरा अवघड जातो. शिष्यवृत्तीचे पैसे का पडून राहिले, वसतिगृहाची दुरुस्ती कुठे अडली, याचे उत्तर एकदा इतिवृत्तात गेले की पुढच्या सभेत त्यावर बोट ठेवता येते. चिकाटीने मागे लागणाऱ्याचेच इथे काम होते. घणाघाती भाषण टाळ्या घेते, पण कार्यवाहीच्या अहवालात त्याचे काही उरत नाही.

निवडून आलेल्या सदस्यांची मुदत 2015 मध्ये संपली, आणि नव्या कायद्याची वाट पाहत निवडणुका दोन वर्षांहून अधिक लांबल्या. नेमके याच काळात, 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका मुंबई विद्यापीठाने एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन् महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींना कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. निवडून आलेली अधिसभा असती तर हे टळलेच असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण उत्तरपत्रिका ज्यांनी तपासायच्या त्यांचा प्रतिनिधी तयारीबद्दल आधी प्रश्न विचारू शकला असता. शिक्षकांच्या जागा कायद्यात आता पक्क्या आहेत. त्या मुदत संपताच भरल्या जाव्यात, यासाठी मात्र संघटनांना अजून जागे राहावे लागणार आहे.