एक गळलेलं अक्षर आणि सगळ्यांचा कोड

आजचा विषय छोटा वाटेल, पण तो आहे पन्नास-साठ वर्षांचा. सॉफ्टवेअरच्या कोडमधलं स्पेलिंग कोण तपासतं, आणि चुकलं तर काय होतं?

सुरुवात करू चेन्नईच्या दक्षिणेला, पेरुंगुडीपासून. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचा हा भाग. जवळच पळ्ळिकरणैची दलदल, आणि रस्त्याच्या कडेनं आयटी कंपन्यांची ऑफिसं. अशा ऑफिसात एका टीममध्ये तमिळ, तेलुगू, मल्याळी, बंगाली आणि आपली मराठी मुलंही असू शकतात. चहाच्या टेबलावर भाषा कुठलीही असो, कोड लिहिला जातो इंग्रजीत. म्हणजे बहुतेकांच्या घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत. मग 'रिसीव्ह'मधला आय आधी की ई आधी, इथे हात अडखळणारच.

हा सगळा कोड एका सामायिक ठिकाणी राहतो. त्याला रेपॉझिटरी म्हणतात. गावच्या दप्तरासारखी ती असते: कोणी, कधी, कुठली ओळ बदलली याची नोंद त्यात कायम राहते. आज हे काम बहुतेक ठिकाणी 'गिट' करतं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. नवा बदल या दप्तरात जाण्याआधी यंत्र तो तपासतं. त्या तपासण्यांमधलीच एक म्हणजे स्पेलिंगची.

आता थोडं मागे जाऊ. 1971 मध्ये स्टॅनफर्डमध्ये राल्फ गोरिन यांनी 'स्पेल' नावाचा प्रोग्राम लिहिला. शब्द चुकला तर जवळचे शब्द सुचवायचे, ही सोय त्यात होती. 1975 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्ससाठी तपासनीस तयार केला. सगळे शब्द सुटे करायचे, क्रमाने लावायचे, कोशाशी ताडून पाहायचे आणि कोशात नसलेले दाखवायचे. नंतर डग मॅकिलरॉय यांनी सुमारे 30,000 शब्दांची यादी 64 किलोबाइटच्या मर्यादेत बसवली. त्यासाठी त्यांनी उपसर्ग आणि प्रत्यय सोडवून मूळ शब्द शोधण्याची युक्ती वापरली.

ही पद्धत लेखासाठी, पत्रासाठी उत्तम होती. कोडमध्ये मात्र ती अडते. कोडमध्ये जोडशब्द असतात, आखूड नावं असतात, माणसांची आणि गावांची नावं असतात. 'पेरुंगुडी'च घ्या. तमिळमध्ये ट आणि ड यांना एकच अक्षर, क आणि ग यांनाही एकच. त्यामुळे रोमन लिपीत हे नाव कसं लिहायचं, हे वापरानंच ठरतं. साध्या इंग्रजी कोशात ते सापडणार नाही. मग यंत्र ओळीओळीला 'चूक, चूक' म्हणून ओरडतं, आणि चार दिवसांत माणसं ते ऐकणंच सोडून देतात.

यावर उलटा उपाय निघाला. बरोबर शब्दांची यादी नको, नेहमी होणाऱ्या चुकांची यादी ठेवा! 'कोडस्पेल' हे साधन याच तत्त्वावर चालतं. त्याची मूळ यादी विकिपीडियावरच्या नेहमीच्या चुकांच्या यादीतून आली. लिनक्सच्या कोडमध्येही 2014 पासून अशी यादी आहे: डावीकडे चूक, उजवीकडे दुरुस्ती. ती डेबियनच्या एका साधनातून घेतली, आणि पुढे नव्या चुका सापडतील तशी ती वाढत गेली. अनेकांच्या चुका गोळा करून सगळ्यांसाठी केलेलं हे शहाणपण आहे.

तरीही यंत्राला भाषा कळत नाही. आपला 'ते' हा शब्द रोमनमध्ये टी आणि ई अशा दोन अक्षरांत लिहून पाहा. कोडस्पेल म्हणेल, तुम्हाला 'द' म्हणायचं होतं का? म्हणून प्रत्येक टीम स्वतःची सूट-यादी ठेवते: हे शब्द आमचे आहेत, यांना हात लावू नका. एका चुकीला दोन-तीन दुरुस्त्या शक्य असतील, तर हे साधन आपणहून बदल करत नाही, निर्णय माणसावर सोपवतं. हे फार चांगलं आहे.

पण चूक दारातून आत गेली तर? इथे खरा इतिहास आहे. युनिक्समध्ये नवी फाइल तयार करण्याच्या आज्ञेचं नाव 'क्रिएट', पण शेवटचा ई नाही. पुन्हा युनिक्स लिहिलं तर काय बदलाल, असं विचारल्यावर केन थॉम्पसन यांनी तो ई लावीन असं सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. दुसरं उदाहरण तुम्ही रोज वापरता. तुम्ही कुठल्या पानावरून आलात, हे ब्राउझर संकेतस्थळाला सांगतो. त्या नोंदीचं नाव 'रेफरर'. मधे दोन आर हवेत, पण एकच पडला. 1995 मध्ये रॉय फील्डिंग यांनी नोंदवलं होतं की युनिक्सच्या 'स्पेल'ला या शब्दाची दोन्ही रूपं ओळखता येत नाहीत. म्हणजे तपासनीस होता, पण त्याच्या यादीत शब्दच नव्हता. 1996 च्या मानक दस्तऐवजात चुकलेलं रूप कायम झालं. पुढे त्याच कामाशी निगडित नवी नोंद आली, तिचं स्पेलिंग मात्र बरोबर ठेवलं. आज दोन्ही शेजारीशेजारी नांदतात.

जुनी चूक का सुधारली नाही? कारण तोवर असंख्य प्रोग्राम त्या चुकीच्या नावावर उभे होते. एक अक्षर 'शुद्ध' केलं असतं तर ते बंद पडले असते.

मंडळी, आपल्या भाषेनं हा पेच आधीच सोडवला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले, 1972 मध्ये आणखी 4 आले. 'नांव', 'पांच', 'कांही' यांवरचे अनुस्वार गेले. पण त्याच नियमांत एक समजूतदार तरतूद आहे: केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावं. नव्याला नवा नियम, जुन्याला त्याचं रूप.

कोडलाही हेच लागू पडतं. टीपेतली, संदेशातली चूक खुशाल सुधारा. ज्या नावावर दुसऱ्यांचं काम उभं आहे, तिथे आधी विचारा. म्हणून तपासनीस दारातच हवा. आत येण्याआधी दुरुस्तीला एक क्षण लागतो, नंतर ती चूक पिढ्यांना सांभाळावी लागते.

तुमच्या टीमच्या सूट-यादीत कुठले मराठी शब्द आहेत, ते एकदा जरूर पाहा.