पवईचे पट्टेदार आणि देशभाषेचा पक्ष

पवई म्हटली म्हणजे तलाव आणि १९५८ सालीं स्थापन झालेली तंत्रविद्येची संस्था हीं डोळ्यांसमोर येतात. परंतु आपल्या शिक्षणाच्या इतिहासांतील एका मोठ्या भाषावादाशींही या गांवाचा संबंध पोंचतो. तो दाखविणें एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

१७९९ सालीं डॉ. हेलेनस स्कॉट यांस पट्ट्यानें दिलेली पवईची जमीन १८२९ सालीं फ्रामजी कावसजी बानाजी (१७६७–१८५१) यांजकडे आली. तेथें त्यांनीं उंसाची व तुतीची लागवड केली. या पारशी गृहस्थांची घरची भाषा गुजराती, भोंवतालच्या रयतेची मराठी, आणि सरकारदरबारची इंग्रजी. अनेक भाषांचा व्यवहार त्यांच्या नित्य परिचयाचा होता.

मुंबई इलाख्यांतील शिक्षणाची व्यवस्था पाहण्यासाठीं १८४० सालीं बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालें. १८४३ पासून त्याचे अध्यक्ष असलेले सर अर्स्किन पेरी यांचें मत, उच्च विद्या इंग्रजींतूनच द्यावी असें होतें. तें अगदींच निराधार नव्हतें. द्रव्य थोडें, आणि देशभाषांतील ग्रंथही थोडे. त्यांच्या विरुद्ध उभे राहिले कर्नल जर्व्हिस. शास्त्र्यांच्या साहाय्यानें गणिताचे ग्रंथ मराठींत आणण्याचें काम त्यांनीं पूर्वींच केलें होतें. बोर्डाचे तिन्ही एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्या बाजूस गेले: जगन्नाथ शंकरशेट, महंमद इब्राहिम मकबा, आणि पवईचे पट्टेदार फ्रामजी.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हे तिघे इंग्रजीचे द्वेष्टे नव्हते. १८४७ सालीं नाना शंकरशेटांनीं लिहून ठेविलेल्या मताचा आशय असा कीं, इंग्रजी अवश्य शिकवावी, परंतु उपयुक्त ज्ञान बहुजनांपर्यंत पोंचविण्याचें साधन देशभाषाच होय. म्हणजे भाषा शिकणें आणि भाषेंतून शिकणें यांतील भेद त्यांनीं ओळखला होता. १८४८ सालीं सरकारनें उत्तर दिलें. तें संदिग्धच होतें. पुढें प्राथमिक शाळा देशभाषांच्या राहिल्या, आणि उच्च विद्येंत इंग्रजीचें आसन स्थिर झालें.

ज्यांच्या नांवाची संस्कृत शिष्यवृत्ति मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांचें पिढ्यान्‌पिढ्या ध्येय होती, ते हेच नाना. प्रस्तुत लेखकानें उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविला. सबंध शब्दरूपावलि मुखोद्गत असलेला मुलगाही श्लोकाचा अर्थ विचारतांच मुका होई. ज्यास अन्वय मराठींत लावतां येई, त्याचाच तो श्लोक होई. संस्कृताचें यांत कांहीं उणें झालें नाहीं.

२०२५ सालीं पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्याविषयीं शासनाचे निर्णय निघाले, आणि ते मागेंही घेतले गेले. बहुभाषी असणें हें आपणांस भूषणच आहे. परंतु मुलानें किती भाषा शिकाव्या हें ठरविण्यापूर्वीं, त्यास समजतें कोणत्या भाषेंत, हें पाहिलें पाहिजे. पवईच्या पट्टेदारानें ज्या पक्षास आपलें मत दिलें, त्या पक्षाचें सांगणें याहून निराळें नव्हतें.